नकाशावरचा शिक्का आणि रवळनाथाचा कौल

"बाई, तुम्ही अजून शिकताय का?"

हा प्रश्न मला रवळनाथाच्या गाभाऱ्यासमोर, पन्नासेक गावकऱ्यांच्या देखत विचारला गेला. विचारणारे होते परबगुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक आणि मंदिर समितीचे सेक्रेटरी. मी तेव्हा बावन्न वर्षांची. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारात माझं सिव्हिल इंजिनिअरचं ऑफिस आहे. पंचक्रोशीतली निम्मी घरं माझ्या नकाशांवर उभी आहेत, आणि त्यातलं एकही अजून पडलेलं नाही.

काम होतं देवळाच्या नव्या सभामंडपाचं. जुन्या मंडपाचे पत्रे गावाने आधीच उतरवून ठेवले होते. पावसाआधी नवीन छप्पर चढायलाच हवं होतं. नकाशा समितीने पास केला होता. पण आमच्याकडे समितीवर आणखी एक समिती असते. देवाला विचारल्याशिवाय गावात पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो, गावकर देवापुढे प्रश्न मांडतात, म्हणजे गाऱ्हाणं घालतात, आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात. त्याच्यावर अपील नाही.

तर माझा नकाशा देवापुढे पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नारळ. गुरुजी चष्मा लावून ओणवे झाले आणि कडेची बारीक इंग्रजी ओळ त्यांनी शाळेत धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली. मग मराठीत अर्थ सांगितला. "हा नकाशा सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्तीत तयार केला आहे. फक्त शिक्षणासाठी." तीच ओळ चारही बाजूंना होती.

ती ओळ मी पहिल्यांदाच बघत होते.

ती आली कुठून, ते सांगते. मंडपाच्या खांबांना जुन्या धाटणीचं कोरीव काम हवं होतं. माझी एक मैत्रीण इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिच्याकडे तसल्या खांबाचं तयार ड्रॉइंग होतं. तिने मेल केलं, मी ते उचलून माझ्या नकाशात चिकटवलं. कॉलेजांना हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर कंपनी फुकट देते, पण त्याच्यावर एक अदृश्य शिक्का मारून ठेवते. त्यातली एक रेघ जरी दुसऱ्या फाइलमध्ये गेली, तरी त्या अख्ख्या फाइलला शिक्का लागतो. खरजेसारखं. माझ्या जुन्या आवृत्तीत तो स्क्रीनवर दिसायचा नाही, फक्त प्रिंटवर उमटायचा. आणि प्रिंट मी कुडाळच्या दुकानातून काढून, गुंडाळी न उलगडता, थेट देवळात आणली होती.

"गुरुजी, ते खांब तेवढे कॉलेजातून घेतलेत," मी म्हटलं. "बाकी सगळं माझं आहे."

गावात कुजबुज सुरू झाली. मागून एक बाई म्हणाल्या, "शिकावू डॉक्टरान टाके घातलले माका म्हायत आसत. ह्या तर छप्पर आसा."

"तसं नाही हो! मी तीस वर्षं काम करतेय."

"मग तुमचं स्वतःचं सॉफ्टवेअर कुठलं?" गुरुजींनी विचारलं. "ते तरी विकतचं असेल."

आता खरी पंचाईत झाली. माझं सॉफ्टवेअर होतं क्रॅक केलेलं. क्रॅक म्हणजे कुलूप तोडून देणारी एक छोटीशी फाइल. ती मला एका वर्गमित्राने पेन ड्राइव्हवर दिली होती, त्याला आणखी कोणी. जिल्ह्यातल्या बहुतेक ऑफिसांत तीच वंशावळ. ऑफिसच्या खुर्चीत बसून मी बेधडक थाप मारली असती. पण समोर रवळनाथ, आणि गुरवाच्या हातात पाकळ्या. गप्प बसले तर मी शिकाऊ ठरणार आणि माझ्या छपराखाली पुन्हा कोणी बसणार नाही. खरं बोलले तर चोर. मी क्षणभर विचार केला आणि चोर व्हायचं ठरवलं.

"चोरीचं आहे," मी म्हटलं. "इंजिनिअर मी खरी आहे. सॉफ्टवेअर चोरीचं आहे."

लाजेने माझे कान तापले.

आप्पा गावकर, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारे वडीलधारे, शांतपणे म्हणाले, "बरा झाला, सांगलंस ता. आता देवाकच इचारूया."

"आप्पा, हे गाऱ्हाण्यात घालायलाच हवं का?"

"गो बाय, देवापासून लपवन कसा चलात?"

आणि त्यांनी हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा रवळनाथा म्हाराजा! आज ही बाय तुज्या मांडवाचो नकशो घेवन इली आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका सुरात.

"नकशो बरो आसा, पण ज्या सॉफ्टवेअरार काडलो, ता चोरीचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळे करतत म्हणान तिनाय केला!"

"व्हय म्हाराजा!" यात दोन आवाज माझ्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरांचे होते. त्यांच्या ऑफिसात काय आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"तेवां ह्या नकशार काम करूचा काय नाय, ता तूच सांग रे म्हाराजा!"

पाकळीने फार वेळ घेतला नाही. डावी पडली.

काम गेलं, आणि काम जाण्यापेक्षा वाईट म्हणजे का गेलं ते संध्याकाळपर्यंत मालवणपर्यंत पोचणार. आप्पांनी मात्र नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला आणि गुरवाला पुन्हा पाकळ्या लावायला सांगितल्या. "देवान ह्या नकशाक नाय म्हटल्यान. तुका नाय म्हणूक नाय हा अजून."

दुसरं गाऱ्हाणं झालं. हीच बाय विकतच्या सॉफ्टवेअरवर नवीन नकाशा काढील, तर चालेल का? यावेळी उजवी पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी उदबत्तीच्या धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, आमचं प्रॉडक्ट तुम्ही याआधी कधी वापरलंय का?"

"अठरा वर्षं."

"अरे वा! मग तुमचा जुना कस्टमर नंबर सांगता का?"

मी खोकल्याची उबळ आल्याचं नाटक केलं.

लायसन्स आलं. सॉफ्टवेअर उघडताना स्क्रीनवर माझं नाव दिसलं. खरं सांगते, बरं वाटलं. इतकी वर्षं तिथे कुठल्याशा परदेशी चोराचं टोपणनाव यायचं आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. जुनी फाइल शिक्क्यामुळे बाद होती. सगळा मंडप पहिल्या रेघेपासून पुन्हा काढला. कोरीव खांबसुद्धा देवळात बसून, तिथले जुने खांब टेपने मापून काढले. आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी पुन्हा नारळ, पुन्हा नकाशा. गुरुजींनी भिंग आणलं होतं. चारही कडा तपासल्या, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. गाऱ्हाण्यात आप्पांनी माझ्या लायसन्सचा उल्लेख केला. उजवी पाकळी पडली. पावसाआधी छप्पर चढलं, आणि गळत नाही.

हा कौल झाला त्या दिवशी मी देवळाच्या पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात गुरुजी मागून आले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं ते आता चोरीचं नाही ना?"

"नाही."

"रीतसर विकतचं?"

"हो."

"मग एका पेन ड्राइव्हवर घालून द्या की. माझी सून घरी इंटिरिअरची कामं करते. तिच्याकडचं सारखं बंद पडतं."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "देते की, गुरुजी. चला आत. आप्पा आहेत, गुरवही आहे. तेवढं विचारून घेऊ."

गुरुजी चपला शोधायला लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.

तेव्हापासून कॉपी मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच उत्तर देते. कायदा सांगितला की लोक हसतात. कौल लावायला मात्र अजून एकही जण आलेला नाही.