अण्णाच्या उजव्या बुटावरचा डाग

अण्णानं पाय पुढं केला. पायात बूट होता.

"उजव्यावर डाग राहिलाय गं. पूस जरा."

बूट काढला नाही. सोफ्यावर पाच-सहा पाहुणे चहा घेत बसले होते. बेळगावात त्या दिवशी त्याचा सत्कार होता, समाजातला पहिला इंजिनिअर म्हणून. मी फडकं घेऊन खाली बसले.

अण्णा माझा चुलतभाऊ. निपाणीत आमच्या घरी राहून शिकला, त्याच्या गावात हायस्कूल नव्हतं. आई विड्या वळायची. दोन हात पुरेनात म्हणून चौथीनंतर मलाही सुपापुढं बसवलं. मी पान कापायचे, तंबाखू भरायचे, दोरा बांधायचे. शेजारी तो मोठ्यानं धडा वाचायचा. "मी शिकलो की तुला शिकवतो बघ," म्हणायचा. मला खरं वाटायचं.

आई गेली, मग नवरा गेला. तेव्हा अण्णाच न्यायला आला. "घरची म्हणून चल. लेकीला बेळगावात शिकवू." स्वयंपाक, भांडी, सगळं केलं. बहीण म्हणून केलं.

त्याचे बूट तर हौसेनं पुसायचे. सत्काराच्या आदल्या दिवशी ते वळवाच्या पावसात भिजून आले होते. वैनीनं ते उन्हात टाकले. कातडं कडक झालं, वर पांढरे डाग. बूट सावलीतच वाळवावेत. मी आत वर्तमानपत्राचे बोळे भरले. व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून मऊ फडक्यानं डाग टिपले. सकाळी बोटभर खोबरेल लावून जुन्या मोज्यानं घासले, मांडीवर घेऊन. पण असला डाग वाळला की पुन्हा वर येतो. उजव्यावर आला होता.

मांडीवरचा बूट वेगळा आणि पायातला वेगळा. हे मला खाली बसल्यावर कळलं.

वर अण्णा भाषणाचा कागद वाचून दाखवत होता. "माझ्या चुलतीनं विड्या वळून मला शिकवलं. तिचे हात मी विसरणार नाही." एका बाईंनी डोळे पुसले. विचारलं, "त्यांची मुलं काय करतात आता?"

माझा हात थांबला.

"एक मुलगी हाय. लांब दिली. सुखात हाय."

"आणि ही?"

"ही व्हय? कामाला हाय. गावाकडची."

एवढ्यात माझी लेक वहीवर माझी सही घ्यायला बाहेर आली. पाचवीत आहे. अण्णा हसत म्हणाला, "बघून घे गं, आई कशी पुसत्या. उद्या तुलाच करायचं हाय."

सगळे हसले. वैनीपण. लेक हसली नाही. माझ्या हाताकडं बघत राहिली.

बाजारात भाव विचारतानाही माझा आवाज फुटत नाही. पण उठले. फडकं त्याच्या बुटावरच टाकलं.

"त्या चुलतीची लेक मीच हाय. लांब न्हाय दिलेली."

अण्णा म्हणाला, "डोकं फिरलंय हिचं." वैनी म्हणाली, "इतकं केलं तुझं, आणि आजच्या दिवशी हे?"

अर्धा डाग तसाच ठेवून तो सत्काराला गेला. मी लेकीला घेऊन निपाणीची बस धरली. तिची बेळगावची शाळा सुटली. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. खोटं कशाला लिहू?

मी पुन्हा विड्या वळते. हे तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. राग पाहुण्यांचा नाही. त्या पायात लहानपणी काटा मोडला, तो मी सुईनं काढला होता. तोच पाय पुढं आला.

परवा अण्णाचा फोन आला. "झालं गेलं विसर. ये परत. बुटाला तुझ्यासारखा हात कुणाचा न्हाय बघ."

मी म्हणाले, "व्हिनेगर वरच्या फळीवर हाय. खोबरेल न्हाणीत. आधी बूट पायातनं काढ, आणि आपल्या मांडीवर घे."

फोन ठेवला.

संध्याकाळी लेक सुपाजवळ येऊन बसते, विडीचं पान उचलते. मी तिच्या हातातून ते काढून घेते. तिची बोटं तंबाखूत जाणार नाहीत. कुणाच्याही शिक्षणासाठी नाहीत. आणि माझा हात कुणाच्या पायातल्या बुटाला लागणार नाही. भावाच्याही नाही.