पोत्यातलं भगुलं

माणूस आपलं एक तरी गुपित सरणावर घेऊन जातो, असं मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने सांगतात. आमच्यात दहन नसतं, पुरतात. तेव्हा माझं गुपित जळून जाण्याचीही सोय नाही. आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

गोष्ट कोंबडीची आहे. हसू आलं? मीही बरीच वर्षं ती मनातल्या मनात हसण्यावारी नेली.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर, शुक्रवार पेठ. वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, भुसार मालाचा व्यापार. घर शिवभक्तांचं, अंड्याचंही नाव निघत नसे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. गावातल्या सत्कारांची आणि अध्यक्षीय भाषणांची टिंगल करण्यात माझा हातखंडा होता. पुढे ‘आधुनिक माणूस’ या विषयावर मलाच बोलायला बोलावलं, तेव्हा मात्र हार घालून घेताना मान चांगली खाली वाकवली होती.

अमेरिकेहून आलेल्या एका मित्राने बर्बनची बाटली दिली – तिकडची मक्याची दारू – आणि एक कृतीही सांगितली. बर्बन, साखर, आलं-लसूण आणि सोया सॉस यांत कोंबडी मुरवायची, मग मंद आचेवर शिजवायची. सोया सॉस कुठून आणणार? मी चिंचेचा कोळ घेतला, साखरेऐवजी गूळ. घरचे सगळे दुधनीला लग्नाला गेले होते. एका दगडात दोन पापं करायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

पण भांडं? अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भांड्याला हात लावायची या आधुनिक माणसाची छाती झाली नाही.

मागच्या दोन खोल्यांत इंदूबाई भाड्याने राहायच्या. नवरा होटगीला रेल्वेत. मुलगी कमल सातवीत, तिची शाळा दोन गल्ल्या पलीकडे – म्हणून तर त्यांनी आमची जागा घेतली होती. आप्पांची अट होती, या घरात मटण-मासे शिजणार नाहीत. इंदूबाईंनी त्यांचं मटणाचं भगुलं पोत्यात बांधून खाटेखाली सारलं होतं. हे मला ठाऊक होतं. मी ते मागितलं.

“दारूत भिजिवनार कोंबडी?” त्या तोंडाला पदर लावून हसल्या. “मेल्यावर का हुईना, प्यायला मिळाली की तिला!”

कोणाला कळू देऊ नका, म्हटलं.

“मी काय दवंडी पिटनार व्हय, अण्णा?”

शिजल्यावर वाटीभर द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला. “नगं. आप्पांना शबुद दिलाय न्हवं. आमी होटगीला नणंदंकडं जाऊन खातो.” मी वाटी परत आणली आणि तीही खाल्ली. चव? चांगली होती. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण चांगली होती.

गूळ मात्र बुडाला करपून बसला. घासून निघेना, म्हणून भगुलं पाणी घालून अंगणात ठेवलं. सकाळी नीट घासून देऊ, असं ठरवलं आणि झोपलो. घरचे एक दिवस आधी, पहाटेच्या गाडीने परत येतील, हे मला कुठं माहीत होतं?

मला जाग आली ती अव्वाच्या “शिव शिव!”ने. भगुल्यात हाड तरंगत होतं. भगुलं पितळी, लग्नातलं. काठावर इंदूबाईंच्या वडिलांचं नाव कोरलेलं. आपल्याकडे लोक भांड्यावर नाव घालतात ते चोरीला जाऊ नये म्हणून. इथे पुराव्याला उपयोगी पडलं.

आप्पांनी इंदूबाईंना बोलावलं. “हे कुणाचं?”

“आमचंच हाय,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कसं सांगू तुम्हाला? त्या नजरेत आरोप नव्हता. त्या नुसत्या वाट पाहत होत्या – आता अण्णा बोलतील, म्हणून. शब्द त्यांनी दोन दिले होते, एक आप्पांना आणि एक मला, आणि दोन्ही पाळत उभ्या होत्या. मी गप्प राहिलो असतो तरी भ्याडपणाच झाला असता. पण मी गप्पही राहिलो नाही. मी म्हणालो, “अट तर आधीच सांगितली होती ना?”

का म्हणालो? घाबरलो होतो – एवढंच. त्या वाक्याची गरजही नव्हती. ते मी आपणहून दिलं.

त्यांनी भगुलं उचललं, पाणी मोरीत ओतलं आणि आत गेल्या. आठवड्यात जागा सोडली. टांग्यात सामान चढताना मी कॉलेजात होतो. तास नव्हता, तरी होतो. कमलच्या शाळेचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. होटगी काही विलायत नाही. जाऊन विचारता आलं असतं.

आप्पांनी नंतर दाराला ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ अशी पाटी लावली. माझं अक्षर चांगलं असल्यामुळे ती मी रंगवली.