दुसऱ्याच्या मोहाखाली

मार्चात विदर्भाचा पारा पुन्हा उतरणार, अशी बातमी फोनवर आली. ट्रंक उघडली तर जुना निळा स्वेटर हाती लागला आणि नोकरीच्या पहिल्या वर्षातली गडचिरोलीच्या जंगलातली एक सकाळ आठवली.

मी तिथल्या गावात नर्स होते. एका बाळंतिणीला बघायला निघाले, तर त्या बाळंतिणीच्या वाट्याच्या मोहाच्या झाडाखाली म्हातारी सोनाबाई टोपली घेऊन बसलेली. पहाटेच गळणारी फुलं त्या दिवशी गारठ्यानं फांदीवरच थांबली होती, आणि ढोरं तर चरायला सुटलेली.

"काऊन बाई, तुमचं झाड नाल्यापलीकडं आहे ना?" मी विचारलं.

"हाव. तिथली फुलं ढोरं खाऊन राह्यले असतील," ती सहज म्हणाली. "पण या बाळंतिणीले उठता येते का आज?"

ऊन चढलं तशी गोड वासाची, रसाळ फुलं टपटप पडू लागली. सोनाबाईनं ती सगळी वेचली, भरली टोपली बाळंतिणीच्या दारात ठेवली आणि मग कुठं आपल्या झाडाकडे निघाली.

तिच्या अंगावर एक विरलेलं लुगडं होतं. मी हा स्वेटर घालून तिचं कौतुक करत उभी होते. तो काढून तिला द्यावा, हे मला आज सुचतंय.