हाक आली की बॉल सोडायचा

ग्राउंडवरचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या किटबॅगेत एकेकटे मोजे साठतात ना, तसे ते साठतात. कुणाचे, कधीचे, काही पत्ता नसतो. वारज्याच्या ग्राउंडवर मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो भेळवाल्याचा सांग ना!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मग मी पुढचे सांगायला लागते आणि एकेक जण जेवायला उठतो.

आधी थोडा खेळ समजून घ्या. बेस म्हणजे धावणाऱ्या मुलीची सुरक्षित जागा. दोन बेसच्या मध्ये ती अडकली की त्याला म्हणायचं रनडाऊन. आमच्या मुली तिला दोन्ही बाजूंनी कोंडीत धरतात आणि बॉल हातात घेऊन शिवतात. लहान मुलींचा गोंधळ होतो तो इथेच. उगाच इकडून तिकडे बॉल फेकत बसतात आणि ती पोरगी पळून जाते! म्हणून आमच्याकडे एकच थ्रो. जिला बॉल हवा तिने "दे!" म्हणून ओरडायचं. जिच्या हातात आहे तिने हाक आली की सोडायचा. बघत बसायचं नाही. हाक नाही, तर बॉल नाही.

हे अंगात मुरावं म्हणून मी डोळ्यांवर ओढणी बांधून, टेनिस बॉलवर सराव घेते. आमचे साठे सर, म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर आणि माझे असिस्टंट कोच, याला "आंधळी कोशिंबीर, फी भरून" असं म्हणतात.

*

तर भेळवाला. कुंपणाला लागूनच त्याची गाडी असते. एकदा ओढणीचा सराव चालू होता आणि गिऱ्हाइकांची ही गर्दी. त्याने घाईत बायकोकडे कांदा मागितला, "दे!" आमच्या मुलीने हाक आल्याबरोबर बॉल सोडला, तो थेट चिंचेच्या पाण्यात!

तो ठिबकणारा बॉल घेऊन आत आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात साठे सर त्याला म्हणाले, "शनिवारपासून येत जा. आमच्या मुलींपेक्षा तुमचा कॉल स्पष्ट आहे."

*

आमच्याकडे खरा आवाज होता तो गौरीचा. तिचे वडील कारखान्यात कामाला, मूळचे वाशीमकडचे. गौरी थर्ड बेसवर उभी राहायची आणि तिचा "दे!" हायवेपर्यंत जायचा. तिला बॉल द्यायची ती शिरीन, आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली. शिरीनच्या अब्बांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. टीमचे सगळे ग्लोव्ह्ज तेच शिवून देतात, आणि हटकून चांगले शिवतात. या दोघींच्या मध्ये अडकलेली मुलगी सुटलेली मी पाहिली नाही.

एक खोड मात्र होती. थर्डवाल्या मुलीने धावायच्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला राहायचं, हे मी घसा फोडून सांगायचे, आणि गौरी नेमकी आतल्या अंगाला उभी. ओरडले की म्हणायची, "पण ताई, शिरीनला मी इथेच सापडते."

समोरच्या सोसायटीतल्या एक काकू एकदा तक्रार घेऊन आल्या. "अहो, ऐन दिवेलागणीला ही मुलगी 'दे, दे' करत ओरडते. मला वाटतं, दारात मागायला आलंय कोणीतरी!"

साठे सर म्हणाले, "मग काही देता का?"

काकू महिनाभर आमच्याकडे बघत नव्हत्या.

*

दिवाळीनंतर गौरीच्या वडिलांचं काम सुटलं आणि बिऱ्हाड गावाला परत गेलं. ग्लोव्ह टीमचा, म्हणून तिने तो पुसून, पिशवीत घालून माझ्या हातात दिला. रडली नाही. मीच रडले.

तो ग्लोव्ह मी ईशाला दिला. ईशा नवी थर्ड बेस, गुणी पोर, पण आवाज शेजारच्याला ऐकू जाईल तर शपथ! शिरीनची तर पारच दशा झाली. बॉल हातात घेऊन नुसती पळायची, समोरची मुलगी आरामात बेसवर पोचायची, आणि ही तशीच हात वर करून उभी.

तिचे अब्बा मला भेटायला आले. "ताई, पुढच्या वर्षी हिची दहावी. जिल्ह्याच्या टीममध्ये आली तर खेळू दे, मी नाही म्हणणार नाही. नाही आली तर ग्लोव्ह माळ्यावर आणि ही क्लासला. चालेल ना?"

न चालून सांगते कुणाला! शिरीन मागेच उभी होती, नखं खात. ती खेळली नाही तर काय उरेल तिचं, हे मला कळत होतं.

*

इथून पुढे लोक जेवायला उठतात.

शिरीनला मी ओढणी बांधली. थर्डवर ईशा, रेषेच्या बाहेर, शहाण्यासारखी. ईशाने हाक द्यायला श्वास घेतला, तेवढ्यात शिरीनने बॉल सोडूनही दिला. सरळ, वेगात, आतल्या अंगाला. तिथे कोणी नव्हतं.

"अगं, हाक कुठे दिलीये अजून?"

शिरीनने ओढणी वर केली. "दिली की, ताई."

पोरी फिदीफिदी हसल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच, त्याच जागी. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही, आणि ईशा माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

*

मग एका संध्याकाळी काकू आल्या. या वेळी जरा बेतानेच बोलत होत्या. "ती मोठ्या आवाजाची मुलगी परत आली वाटतं? नाही, असू दे, पण तेवढं जरा हळू ओरडायला सांगा तिला."

"सांगतो," साठे सर म्हणाले. "पण ती वाशीमला असते."

"काहीतरीच काय! आत्ता ऐकलं मी, गॅलरीतून!"

काकूंना उत्तर न देता परत जाऊ देणारे साठे सर मी पहिल्यांदा पाहिले.

*

ईशाचे बाबा आयटीत. लेकीचा प्रत्येक सराव मोबाइलवर शूट करतात आणि ग्रुपवर टाकतात. त्यातल्या एका व्हिडिओत मी कान देऊन ऐकलं. भेळवाल्याचा झारा ऐकू येतो, रिक्षा जाते ती ऐकू येते. हाक काही नाही. म्हटलं, सुटले!

सरांनी तोच व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला आणि फोन माझ्याकडे दिला. "आता मुलींकडे बघा."

खेळ थांबलेला आहे. कोणी पाणी पितंय, कोणी लेस बांधतंय. आणि मग एकदम, सगळ्याच्या सगळ्या मुली मान वळवून थर्ड बेसकडे बघतात.

*

मी गौरीच्या घरी फोन लावला. पोर धड आहे ना, एवढंच मला ऐकायचं होतं. आई बोलली. "बरी हाय जी ताई, खातेपिते, शाळेत जाते. पन रोज दिवस मावळला का आंगनात उभी राह्यते अन् वरडते. लोकं हासतात. आयकतच नाही कोनाचं!"

मी गौरीला बोलावलं. "काय गं, कशाला ओरडतेस?"

"इथे कोणी खेळत नाही ताई. सवय मोडायला नको म्हणून हाक देते. शिरीनला."

फोन ठेवल्यावर मी सरावाला गेले. शिरीनला यातलं काही सांगितलं नाही.

*

जिल्ह्याच्या टीमची निवड येरवड्याच्या एका ग्राउंडवर होती. शिरीनचे अब्बा दुकान बंद करून आले होते आणि कुंपणापाशी उभे होते. ईशाचा घसा सर्दीने साफ बसलेला. सकाळपासून ती खुणांनी बोलत होती. मी मनात म्हटलं, संपलं.

आणि व्हायचं तेच झालं. शेवटच्या डावात, दिवस मावळता मावळता, समोरची मुलगी सेकंड आणि थर्डच्या मध्ये अडकली. बॉल शिरीनच्या हातात. ती मुलगी थर्डकडे सुटली, शिरीन मागे. ईशा रेषेच्या बाहेर उभी, तोंड उघडं, आवाज नाही. अब्बांनी कुंपणाची जाळी घट्ट धरली. मी जीव मुठीत धरून बघत होते.

शिरीनने बॉल सोडला. आतल्या अंगाला!

ईशा बाहेर होती. मग ती आत होती, ग्लोव्हमध्ये बॉल होता आणि ती मुलगी त्याच ग्लोव्हवर येऊन आदळली होती. आउट! मधलं मी पाहिलं नाही, आणि डोळे तर मी मिटले नव्हते.

निवड करणाऱ्या मॅडम हसत आमच्याकडे आल्या. "तुमची शॉर्टस्टॉप आम्हाला हवी. आणि थर्डचा कॉल काय दमदार हो!" मी साठे सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते.

ईशा ग्लोव्ह काढून हात उलटसुलट करून बघत होती. घोगऱ्या आवाजात कशीबशी म्हणाली, "ताई, बॉल मला लागलाच नाही. बघितलं तर ग्लोव्हमध्ये होता."

अब्बा शिरीनला जवळ घेऊन उभे होते आणि शिरीन हुंदके देत होती. ही बातमी गौरीला मीच सांगणार म्हणून मी बाजूला जाऊन फोन लावला. तिनेच उचलला. मी हॅलो म्हणायच्या आतच म्हणाली, "झाली ना आउट, ताई?"

मी मागे वळून शिरीनकडे पाहिलं.

"शिरीनला सांगा, एवढ्या जवळून इतका जोरात नको मारत जाऊ. तळहात अजून झिणझिणतोय. माझ्याकडे इथे ग्लोव्ह कुठाय?"