वहिनीची रेघ

दादाच्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली आणि आमचं काचेचं दुकान बंद पडायला आलं. काचा कापायचा दादा. मी त्या खिडक्यांना बसवायचो. कापणं मला कधी जमलं नाही आणि माझे गुडघे आधीच गेले होते. शेजारचा रंगवाला जागा विकत घ्यायला टपून होता.

वहिनी लग्नापासून दुकानात. काचा पुसायची, कागदात गुंडाळायची, टेबलावरचा चुरा झाडायची. बूड टेकून बसलेली मी तिला पाहिली नाही. ती म्हणाली, "मी कापते." दादा हसला. मीही.

दादाने शिकवायला घेतलं. मनगट नको, खांदा हलव. दाब सारखा. रेघ एकदाच. तिने एकेक गोष्ट आठवून केली आणि प्रत्येक काच भलतीकडेच तडकली. पिंप तुकड्यांनी भरलं.

"सांगितलेलं कळतं का तुला?"

"कळतंय म्हणूनच फुटतंय. एका वेळी किती ध्यानात ठेवू?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मधेच रंगवाला टेप घेऊन आला, भिंती मोजून गेला. वहिनीचं डोकं फिरलं.

"याला तुम्ही बोलावलंत?"

"मग काय, काचा फोडून पोट भरायचं?"

"मला न विचारता? मी इथे काय फडकं मारायलाच आहे का?"

तोंडाचा पट्टा चालूच. बोलता बोलता तिने काचेवर पट्टी ठेवली, कटर रॉकेलमध्ये बुडवला, ओढला. एकसारखा आवाज आला. काच टेबलाच्या कडेला आणून तिने दाबली. सरळ दोन तुकडे. तिचं लक्षच नव्हतं. तिने दुसरी काच घेतली.

दादा गप्प झाला. मी त्याला कोपराने ढोसलं. "बोल. थांबू नकोस."

"काय बोलू?"

"काहीही. माहेरावर घसर."

"तुझा भाऊ तरी कुठे..." दादाने सुरुवात केली. तिसरीही सरळ सुटली. मग वहिनीने खाली पाहिलं. "या मी कापल्या?" चौथी फुटली.

लोक म्हणतात, हे तिच्या अंगातच होतं. मला नाही पटत. दादा रेघ ओढायचा तेव्हा सुटणारा तुकडा धरायला ही शेजारी उभी असायची. काच सुटायच्या आत हिचा हात खाली गेलेला असायचा. इतकी वर्षं. ते कष्ट कोणी हिशेबात धरलेच नाहीत, तिनेही नाही.

जागा विकली नाही. पण तिच्या जिवाला स्वस्थता नाही. रोज सकाळी तीच धास्ती: आज जमेल ना? काच पुसते, पुन्हा पुसते, पट्टी सरकवते. मग दादाला भांडण काढावं लागतं. मुळात अबोल माणूस. त्याचे विषय संपत आलेत.

परवा दादाचा घसा बसला. टेबलावर मोठी काच, गिऱ्हाईक दारात. वहिनीने कटर उचलला, ठेवला, परत उचलला. मग आतल्या खोलीकडे बघून मला हाक मारली.

"भावोजी, बाहेर या जरा. दिवसभर आत बसून काय दिवे लावता, ते सांगा बघू."