दिनकरचं घरचं ड्रॉइंग

फोन वहिनींचा होता. सकाळची वेळ, साताऱ्याच्या मंडईत मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत उभा होतो. "भाऊजी, हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या. मेथी तिथंच राहिली. पलूसला त्यांच्या घरी पोचेपर्यंत गाडीत मला दिनकरचा रागच येत होता, खरं सांगतो. मागच्याच रविवारी आम्ही फोनवर भांडलो होतो, मी पाठवलेल्या एका ड्रॉइंगवरून, आणि निकाल लागायचा होता. माणसानं असं अर्ध्या भांडणातून उठून जाऊ नये.

आम्ही दोघांनी सांगलीला बरोबरच डिप्लोमा केला. मी साताऱ्याजवळच्या एका डेअरीत मेंटेनन्सला चिकटलो, तो सांगलीतच एका छोट्या डिझाइन ऑफिसात. साखर कारखाने, डेअऱ्या, अर्कशाळा, सगळ्यांची पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि यंत्रांच्या जोडणीची ड्रॉइंगं, तिथं निघायची. नातेवाईक विचारायचे, "दिनकर काय करतो?" मी सांगायचो, पाइपांची चित्रं काढतो. त्याला ते मुळीच खपायचं नाही. "चित्र न्हाई रं, गोष्ट हाय ती," म्हणायचा. आणि होतीही तशीच. टाकी कुठं उभी आहे, पाइप किती लांब, किती उंच, हे त्या कागदावर नसतं. त्यासाठी वेगळी ड्रॉइंगं असतात. ह्यात फक्त कशानंतर काय येतं ते असतं… टाकीनंतर पंप, पंपानंतर व्हॉल्व्ह, मध्ये कुठं दाब मोजायचा, कुठं उलटं वाहायला मज्जाव. ही गोष्ट चुकली की प्लँट चुकला.

नव्या पोरांना ती वाचायला शिकवायची त्याची एक तऱ्हा होती. कागदावर बोट ठेवायला लावायचा आणि म्हणायचा, "आता तू पाणी हो. बोल, कुठं चाललास?" इंजिनिअर झालेली पोरं लाजायची, पण सुटका नसायची. "मी पाणी… टाकीतून निघालो… पंपात आलो… व्हॉल्व्ह बंद आहे, थांबलो…" आमच्या डेअरीचं काम होतं तेव्हा त्यानं मलाही साहेबांसमोर दूध केलं होतं. मी मुकाट्यानं पाश्चरायझरमधून तापून, निवून बाहेर आलो, आणि साहेब हसून हसून खोकायला लागले. पण त्या दुधाला परत जुन्या टाकीत शिरायला एक वाट उघडी राहिली होती, ती त्याच दिवशी सापडली. मग कोण हसतंय?

पुढं त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून कितीदा तरी सांगलीला जाऊन डायलिसिसच्या मशिनला जोडून घ्यायचं, परत यायचं, दुसरा दिवस अंथरुणात. माणूस नुसता पिळून निघाला. ऑफिस सुटलं, बोलणं कमी झालं. एकदा मला म्हणाला, "गड्या, हे जगणं न्हाई. नुसती ये-जा हाय." त्यावर डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. पोटात एक नळी कायमची बसवायची, पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून टाकायचं. घरच्या घरी, रोज, दिवसातून अनेकदा. दिनकरचा डोळा अधू झालेला, हात थरथरायचा, म्हणजे ते करणार कोण? वहिनी. आणि वहिनी म्हणजे बैलाला न घाबरणारी बाई, पण सुईला बघून डोळे मिटणारी. थोडी घाण आत गेली तरी पोटात जंतू होतात, हे नर्सबाईंनी सांगितलं तेव्हापासून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. दवाखान्यात शिकल्या, नर्स बाजूला होती तोवर जमलंही. घरी आल्यावर हात पुढं होईनात. "मला न्हाई जमायचं हे. माझ्या हातनं तुमास्नी काय झालं तर?" म्हणून परसात जाऊन रडल्या. वहिनींना जमलं नाही तर दिनकरला पुन्हा त्या ये-जा करण्यात ढकलायचं… आणि तो फार दिवस टिकणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी त्या दिवशी तिथंच होतो. दिनकरनं कागद मागितला. थरथरत्या हातानं, पट्टी धरायला मला लावून, त्यानं स्वतःच्या पोटाचं पी अँड आयडी काढलं. पोट म्हणजे टाकी. नव्या पाण्याची पिशवी, मळक्या पाण्याची पिशवी, मधल्या नळ्या, चिमटे, सगळं. मग बायकोचं बोट कागदावर ठेवलं. "सुमन, आता तू पाणी हो." वहिनी आधी माझ्याकडं बघून लाजल्या, मग हळूहळू बोलायला लागल्या. "मी जुनं पानी… पोटातनं निघालो… ह्यो चिमटा उघडा हाय… मळक्या पिशवीत गेलो. आता ह्यो बंद. मग मी नवं पानी…" दोनचारदा म्हणून झाल्यावर आवाजातली थरथर गेली. मला वाटलं, जिंकलं.

कुठलं काय! वहिनींनी पंखा बंद केला, हात धुतले, तोंडाला मास्क बांधला, पिशव्या लावल्या, नळी जोडली, चिमटा उघडला. पाणी हलेना. दिनकरनं मान वळवून बघितलं आणि त्याला हसू आवरेना. रिकामी पिशवी वर खुंटीला, आणि भरलेली खाली फरशीवर! कागदावर तसंच होतं ना! वरच्या अंगाला जागा रिकामी होती म्हणून त्यानं मळकी पिशवी वर काढलेली. ऑफिसात ते चालतं, त्या ड्रॉइंगात वर-खालीला अर्थच नसतो. पण घरात पंप नाही, पाणी उतारानं जाणार. दवाखान्यात पिशव्या नर्सबाई टांगायच्या. घाबरलेल्या वहिनींनी मास्तरांचा कागद तंतोतंत पाळला. "म्हनलं न्हवतं मी?" त्यांचे डोळे भरले. दिनकर हसायचा थांबला. "तुझी चूक न्हाई गं. ड्रॉइंग चुकलंय. तू बरोबर वाचलंस." जन्मभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं फाडणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी चाटच पडलो. चिमटा बंद करून, पिशव्या जागच्या जागी लावून काम उरकलं, आणि त्यानं लगेच नवा कागद घेतला. भरलेली पिशवी वर, मळकी खाली, खुंटीसुद्धा काढली. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, वर, खाली.

मग मात्र वहिनींचा हात बसला. लय बसला! दिनकर परत ऑफिसात जायला लागला, पोरांना पाणी करायला लागला, माझ्याशी भांडायला लागला. एका हिवाळ्यात दोघं महाबळेश्वरला जाऊन आली. इतक्या वर्षांत त्यानं बायकोला तिथं नेलं नव्हतं, आता तिनं त्याला नेलं. हॉटेलात पडद्याच्या दांडीला पिशवी टांगली म्हणे, आणि पाणी उतरेपर्यंत दोघं स्ट्रॉबेरी खात बसली. पोटाला शेवटपर्यंत जंतू शिवला नाही. गेला तो हृदयानं दगा दिला म्हणून, झोपेत.

परवा पलूसला गेलो होतो. चहा घेत होतो, तेवढ्यात जत भागातली एक तरुण बाई आली. नवऱ्याला नुकतीच पोटात नळी बसवलेली, दवाखान्यातल्या नर्सनं वहिनींचा पत्ता दिलेला. "अक्का, मला भ्या वाटतंय," म्हणून रडायलाच लागली. वहिनींनी तिला पाणी दिलं, भिंतीवरचा पुठ्ठा उतरवला. त्यावर दिनकरचं ते वर, खाली लिहिलेलं ड्रॉइंग चिकटवलेलं. तिचं बोट धरून कागदावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता तू पानी हो." बाई रडता रडता हसली… मी खिडकीतून बाहेर बघत बसलो, डोळे पुसायला रुमाल सापडेना.

निघताना वहिनींनी तो पुठ्ठाच तिच्या हातात दिला. मी म्हणालो, "वहिनी, त्याच्या हातचं आहे हो ते. मी झेरॉक्स काढून आणतो."

"तिच्या घरात आज पानी बदलायचंय भाऊजी. भिंतीवर ठिवून मी काय करू?"

मी शेवटचं म्हणून कागद बघून घेतला. कोपऱ्यात ऑफिसच्या रीतीनं दोन चौकोन. काढणारा, तिथं दिनकरची सही. तपासणारा, तो रिकामाच. ज्यानं काढलं त्यानं तपासायचं नाही, हा त्याचा कडक नेम. मी सही करतो म्हणालो होतो तेव्हा, तर म्हणाला, "तुझी सही नको. तू कुठं पिशवी लावतूस?"

बाई उंबऱ्यापर्यंत गेली, तशी वहिनींनी हाक मारली.

"थांब गं जरा. तपासनाराची सही ऱ्हायलीया."

माझ्या खिशातलं पेन घेतलं, पायरीवर बसून पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि त्या रिकाम्या चौकोनात सावकाश स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.