बाबल्याचं पान

मांडवीच्या गुणाजीने नऊ महिने माडीला तोंड लावलं नव्हतं. हे मी आधीच सांगतो, कारण अजूनही लोक त्याला ‘बाबल्याचा दारुडा पोर’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं.

बाबल्या त्याचा बाप, होडीवरचा तांडेल. गुणाजी सात वर्षांचा असताना त्याच्या हातून जाळं गुंतलं. बापाने त्याला होडीच्या दोराने बांधून भरतीच्या पाण्यात उभा केला. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा सोडला आणि काकडणाऱ्या पोराच्या तोंडाला माडीचा पेला लावला. ‘‘पी. ऊब येल.’’ हे एकदाच झालं असं नाही. आई धोंडूबाई दारात मासे सुकवत बसलेली असायची. आम्ही शेजारीही बघत होतो. आमचीही मला चीड येते.

पुढे भीती वाटली की गुणाजीला माडी लागायची, आणि भीती रोज वाटायची. बाप मेला तरी ती गेली नाही.

पस्तीस सालच्या पौषात त्याची पाच वर्षांची काशी खाडीत पडून चिंब भिजून आली. गुणाजीने पेला तिच्या ओठांशी नेला. पोरीने वासानेच तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, ‘‘दादा, तो माजा हात नव्हता. त्याचा व्हता.’’ तेव्हापासून माडी बंद. हातपाय थरथरायचे, उलट्या व्हायच्या. ‘‘भायेर काडतोय त्याला,’’ म्हणायचा आणि दात आवळायचा. निव्वळ सुडावर तरला तो.

भाद्रपदात बाबल्याचा म्हाळ आला. आमच्यात मेलेल्याच्या आवडीचं त्याच्या पानाशी ठेवतात. बाबल्याला माडी हवीच. ती थोरल्या मुलाने ओतायची आणि उरलेली प्रसाद म्हणून घ्यायची. गुणाजीने भात, वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ वाढून पान कौलांवर ठेवलं. पेला ठेवला नाही.

कावळा येईना. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, त्यामुळे सगळी भावकी ताटकळली. दुपार टळली तेव्हा चुलता भागोजी भरलेला पेला घेऊन पुढे आला. ‘‘बापूस हाय तुजा. त्याला ठेव, एक घोट तू घे. जीव अडकलाय त्याचा.’’

धोंडूबाईही म्हणाली, ‘‘दे रे बाबा, काय मागतो ते.’’

गुणाजीने पेला हातात घेतला. एक घोट, आणि नऊ महिने पाण्यात गेले असते. भागोजीला ते कळत नव्हतं असं नाही. त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

गुणाजीने पेला अंगणात उपडा केला. मग कौलांकडे तोंड करून मोठ्याने बोलायला लागला. दोर, भरती, ऊब यावी म्हणून पाजलेली माडी, सगळं सांगितलं. आवाज चढला नाही, शिवी दिली नाही. ‘‘आता तू तळमळ, बा,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘माज्या हातनं तुला थेंब मिळायचा नाय.’’

‘‘पाप हाय हे,’’ भागोजी पुटपुटला.

गुणाजी ओटीवर मांडी घालून बसला. ‘‘आये, वाढ. भूक लागलीय.’’

धोंडूबाई कौलांवर सुकत चाललेल्या पानाकडे बघत राहिली. मग आत जाऊन भाताचं पातेलं घेऊन आली आणि त्याच्यापुढे वाकली. ‘‘मी बगत व्हते, पोरा,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं बगत व्हते.’’

गुणाजीने मान वर केली नाही. तो पोटभर जेवला.